रिकामी परतलेली पिकअप: नारकंड्याच्या बर्फातल्या एका फेरीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

आमची कंपनी रबाळे एमआयडीसीत आहे. शीतगृहांना लागणारी यंत्रं पुरवायची आणि नंतर त्यांची देखभाल करायची, हे आमचं काम. हिमाचलचं सफरचंद वाशीच्या फळबाजारात येतं, त्या ओळखींतून शिमल्याच्या वरच्या भागातली दोन-तीन शीतगृहं आमच्याकडे आली. कंपनीत वाहतुकीचं सगळं मी पाहतो. कुठली गाडी, कुठला चालक, कुठला रस्ता, हे मीच ठरवतो. या प्रकरणातले बरेचसे निर्णय त्यामुळे माझे आहेत आणि ते जसे घेतले तसेच इथे मांडतो आहे. माणसांची, कंपनीची आणि ग्राहकाची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

गोष्ट जानेवारीतली. शिमल्याच्या पुढचं नारकंडा ओलांडून किंगलकडे उतरताना लागणाऱ्या एका शीतगृहातला कॉम्प्रेसर बंद पडला. बाहेर बर्फ असताना शीतगृहाला घाई कसली, असं कोणालाही वाटेल. पण सफरचंद महिनोन्‌महिने टिकवायचं तर नुसती थंडी पुरत नाही. बंद खोलीतला ऑक्सिजन 2 टक्क्यांच्या आसपास उतरवून ठेवावा लागतो आणि त्यासाठी नायट्रोजन तयार करणारं यंत्र चालू लागतं. ते यंत्र ज्या कॉम्प्रेसरवर चालतं, नेमका तोच गेला होता. ऑक्सिजन हळूहळू वर सरकला की फळ पिकायला लागतं. शिवाय आमच्या करारात उशिराबद्दल दंड होता.

नवा कॉम्प्रेसर, मोटार आणि सुटे भाग मिळून 900 किलोच्या घरात वजन. गाडी आमचीच, 1,700 किलो भाराची, मागच्या चाकांवर चालणारी पिकअप. चालक मूळचे साताऱ्याकडचे, राहायला घणसोलीला, 22 वर्षं स्टिअरिंगवर. कसारा, बोरघाट, माळशेज त्यांच्या हाताखालचे. वर्कशॉपमधली पोरं त्यांना मामा म्हणतात, म्हणून पुढे मीही तसंच लिहितो. सोबत ऐरोलीचा तरुण टेक्निशियन. बर्फातल्या रस्त्यावर दोघांनीही आजवर पाऊल ठेवलेलं नव्हतं.

निघण्याआधी

रबाळे ते नारकंडा अंतर साधारण 1,800 किलोमीटर. घोडबंदरवरून गुजरातचा रस्ता, पुढे राजस्थान, हरियाणा आणि परवाणूपासून डोंगर. तयारीत काही गोष्टी बरोबर झाल्या, त्या मामांमुळे. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास साधं पाणी ओतलं जातं आणि इथे ते चालूनही जातं. मामांनी स्वतः सांगून ते पाणी काढलं आणि कूलंट आणि पाणी निम्मंनिम्मं भरलं. हे मिश्रण उणे 35 अंशांच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. साधं पाणी असतं तर पहिल्याच रात्री इंजिनचा ब्लॉक तडकायची भीती होती.

डिझेलचंही त्यांनी नीट केलं. थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो. ज्या तापमानाला हे व्हायला लागतं, त्याची कमाल मर्यादा आपल्या मानकात उन्हाळ्यासाठी 18 अंश आणि हिवाळ्यासाठी 6 अंश आहे. लडाखसारख्या ठिकाणी उणे 33 अंशांपर्यंत पातळ राहणारं वेगळं डिझेल 2019 पासून मिळतं. नारकंड्याला तेवढी गरज नव्हती, पण मामांनी खालचं डिझेल जवळपास संपवत आणलं आणि टाकी शिमल्यात भरली. डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचा जुना उपाय टेक्निशियनने सुचवला होता. आताच्या बीएस 6 इंजिनांचे इंजेक्टर त्याने खराब होतात, म्हणून मामांनी तो तिथेच मोडीत काढला.

चूक झाली ती चाकांना बांधायच्या साखळ्यांत, आणि ती माझी. साखळीची जोडी मी मागवली ती 15 इंची रिम एवढंच पाहून. पाकीट आलं तसं सीटच्या मागे गेलं. यार्डात एकदा चाकावर चढवून पाहायला वीस मिनिटं लागली असती.

अडचण

वर जाताना काहीच झालं नाही, आणि पुढच्या सगळ्याला त्यानेच खतपाणी घातलं. रस्ता कोरडा, ऊन स्वच्छ, हौद्यात 900 किलो. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर वजन बसलं की पिकअप रस्ता धरून चालते. कुफरी, ठियोग, मतियाना, नारकंडा करत गाडी गुरुवारी दुपारी शीतगृहावर पोचली. मामांनी मला फोन केला, "साहेब, आपला माळशेज पावसाळ्यात यापेक्षा अवघड." मीही निर्धास्त झालो.

शुक्रवारी कॉम्प्रेसर बसला. त्या रात्री बर्फ पडला, अर्धा फूट. शनिवारी सकाळी हौदा रिकामा होता आणि गाडी खाली आणायची होती.

रिकाम्या पिकअपचं वजन बघा. इंजिन पुढे, केबिन पुढे. मागच्या चाकांवर निम्म्याहून कमी भार, आणि गाडी ढकलणारी चाकं मात्र तीच. ही गोष्ट पावसाळ्यात आपल्यालाही जाणवते. तुर्भ्याच्या ओल्या पुलावर रिकामी पिकअप जराशी मागून डुलते, चालक पाय सैल करतो, गाडी सावरते. बर्फावर सावरायला तेवढी पकड शिल्लकच राहत नाही. आमचं सगळं नियोजन भरलेली गाडी वर नेण्याचं होतं. रिकामी गाडी खाली आणण्याचा विचार कोणीही कागदावर केला नव्हता, मी तर नाहीच.

समोरचे पर्याय

शनिवारी सकाळी साडेनऊला फोनवर आम्ही चार गोष्टी बोललो.

पहिली, थांबायचं. शीतगृहाच्या मालकांनी राहायची खोली देऊ केली होती. दोन दिवस ऊन पडलं की रस्ता कोरडा होईल, असं ते म्हणत होते. सोमवारी गाडी वाशीच्या एका कामाला लावलेली होती, म्हणून मी नको म्हणालो.

दुसरी, जुना बंद पडलेला कॉम्प्रेसर परत आणायचा. तो 500 किलोच्या वर होता. मागच्या ॲक्सलवर बांधला असता तर गाडी जाताना होती तशीच परतली असती. मामांनी हे स्वतःहून सुचवलं. पण जुन्या मालाचं डिलिव्हरी चलान आणि ई-वे बिल तयार नव्हतं, अकाउंट्सला शनिवारी सुट्टी, आणि भंगाराच्या किमतीसाठी रस्त्यात अडकायचं कशाला, असं मी ठरवलं. तो कॉम्प्रेसर मला माल दिसत होता. मामांना त्यात वजन दिसत होतं.

तिसरी, रस्ता बदलायचा. पुन्हा नारकंड्यावर चढायचं, तिथून कुफरीमार्गे शिमला, हा मुख्य रस्ता. नारकंडा आणि कुफरी दोन्ही 2,700 मीटरच्या आसपास. दुसरा रस्ता किंगलला उतरून बसंतपूरमार्गे शिमल्याला जातो. तो अरुंद आहे आणि वेळ जास्त घेतो, पण उंचीने बराच खाली राहतो. बर्फात रामपूरची वाहतूक याच बाजूने वळवतात. त्या सकाळी अकराच्या सुमाराला जेसीबीने मुख्य रस्ता मोकळा केल्याची खबर आली, आणि मोबाईलवरच्या नकाशातही तोच रस्ता कमी वेळाचा दिसत होता.

चौथी, वजन म्हणून वाळूची पोती घ्यायची. शीतगृहाच्या जीपचा स्थानिक चालक म्हणाला, "भाईजी, दस बोरी रेत डाल लो, नीचे जाके फेंक देना." वाळू वजनालाही होते आणि चाक फिरलं तर खाली टाकायलाही. पण वाळू ओली होती, गोठून दगड झालेली. फोडून पोती भरायला दोन तास लागले असते. दोनच पोती भरली गेली.

याच वेळी आणखी एक गोष्ट घडली, आणि मला ती सगळ्यात जास्त टोचते. त्या जीपवाल्याने टेक्निशियनला बजावलं होतं, "धूप में ठीक है, छाँव में पाला मिलेगा. पाले पे ब्रेक मत मारना." टेक्निशियनने मला फोनवर सांगितलं, "साहेब, सावलीत पाला पडलाय म्हणतात रस्त्यावर." मराठी माणसाला पाला म्हटलं की काय दिसतं? झाडांची पानं. देवदाराखाली पालापाचोळा साचला असेल, त्यावरून चाक घसरत असेल, असं मी समजलो. म्हणालो, "पाल्याचं काय एवढं, सावकाश काढा." तिकडे पाला म्हणजे दहिवर गोठून रस्त्यावर बसलेला बर्फाचा पातळ थर. तो काचेसारखा पारदर्शक असतो, खालचं डांबर आरपार दिसतं आणि रस्ता नुसता ओला वाटतो. सावध करणारा शब्द अगदी बरोबर पोचला होता. त्याचा अर्थ तेवढा वाटेत बदलला.

काय घडलं

साडेबाराला ते निघाले. नारकंड्याची चढण सतलजच्या बाजूने आहे, उतार उत्तरेकडे तोंड करून, ऊन तिरपं. दुसऱ्या मोठ्या वळणावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मामांनी एक्सलरेटर सोडला, ते बरं केलं. चाक जितकं फिरवाल तितका खालचा बर्फ गुळगुळीत होतो. मग साखळ्या काढल्या. गाडीचे टायर 7.00 आर 15, साखळी 15 इंची रिमच्याच पण कमी उंचीच्या टायरची. चाकावर अंथरली तर दोन्ही टोकांत पाच-सहा इंचांचं अंतर. टेक्निशियनने त्याचा फोटो पाठवला तो अजून माझ्याकडे आहे. काळ्या टायरवर चकचकीत कोरी साखळी, मधे एक उघडी फट, आणि कडी ओढून धरलेली मामांची लालबुंद बोटं. हातमोजे लोकरीचे होते, ओले झाल्यावर त्यांनी काढून टाकले होते.

इथे परत फिरायला हवं होतं. शीतगृह चार किलोमीटर मागे, खाली किंगलचा रस्ता मोकळा. मामांनी फोन लावला, "काय करू?" मी विचारलं, "चढेल का?" ते म्हणाले, "वाळू टाकली तर चढेल." मी म्हणालो, "मग काढा." चढेल का हा प्रश्नच चुकीचा होता. चढण संपल्यावर पलीकडे उतार आहे आणि तिथे पोचेपर्यंत चार वाजतील, हे मी विचारात घेतलं नाही.

दोन्ही पोती चाकांखाली संपली. गाडी तीनच्या पुढे नारकंड्याला पोचली आणि मतियानाकडे उतरायला लागली, तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता.

रस्ता साफ केल्याने धोका कसा वाढतो, हे मला नंतर समजलं. जेसीबी बर्फ ओढून कडेला ढीग लावतो. दुपारच्या उन्हात ढिगाचं पाणी होतं आणि उताराने रस्ता आडवा ओलांडतं. चारनंतर सावलीत तेच पाणी गोठतं. ताज्या बर्फात निदान चाक रुततं, थोडी पकड मिळते. या गोठलेल्या पाण्यावर काहीच मिळत नाही. त्यातही तापमान शून्याच्या जवळपास असलं की बर्फ सर्वांत निसरडा असतो. कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षाही.

मामा तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी 20 च्या वेगाने उतरत होते. पुढे डावं वळण, देवदारांची दाट सावली, रस्ता ओला दिसणारा. घाटात आपण जे करतो तेच त्यांनी केलं. ब्रेकवर पाय ठेवला नाही, दुसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. कसाऱ्याच्या उतारावर हीच पद्धत बरोबर आहे, ब्रेकचे लायनर तापत नाहीत. पण क्लच एकदम सुटला की इंजिनची ओढ थेट मागच्या चाकांवर येते. हौदा रिकामा, खाली पाला. चाकं क्षणभर थांबलीच म्हणा ना, आणि मागचा भाग उजवीकडे, दरीच्या बाजूला फिरायला लागला. ब्रेकला पाय न लावताही ब्रेक लागला होता, फक्त मागे.

पुढच्या दोन सेकंदांचं श्रेय पूर्णपणे मामांचं. त्यांनी क्लच परत पूर्ण दाबला, म्हणजे मागची चाकं मोकळी झाली आणि फिरायला लागली. स्टिअरिंग घसरणीच्या बाजूला थोडं दिलं, गाडी सरळ होते आहे असं वाटताच डाव्या हाताच्या डोंगराकडे वळवलं आणि गाडी मुद्दाम गटारात घातली. मागचं डावं चाक गटारात बसलं, हौद्याचा कोपरा कातळाला लागला. टेक्निशियनच्या कपाळाला टेंगूळ आलं, बाकी दोघंही धड. उजव्या बाजूला कठडा होता तो गुडघ्याएवढा.

गाडी थांबल्यावर मामांनी आधी काय केलं, तर खाली उतरून सायलेन्सरचं तोंड पाहिलं. गटारात जेसीबीने लोटलेला बर्फ होता आणि नळी त्यात घुसली होती. त्यांनी पायाने बर्फ उकरून तिच्याभोवती हातभर जागा मोकळी केली. मगच इंजिन चालू ठेवून, काच बोटभर खाली घेऊन दोघं केबिनमध्ये बसले. नळी तुंबलेली असती तर धूर केबिनमध्ये भरला असता. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा जातो. हे त्यांना कोणी शिकवलं होतं, मी विचारलं. म्हणाले, गॅरेजचं शटर लावून गाडी चालू ठेवत नाहीत, तसंच हे.

परिणाम

चाळीस मिनिटांनी साखळ्या लावलेली एक स्थानिक पिकअप आली. तिच्या चालकाने दोघांना नारकंड्याला परत नेलं. वळणाच्या वर, गाडीपासून पुरेसं लांब, त्याने रिफ्लेक्टर त्रिकोण ठेवायला लावला आणि रस्त्यावर फांद्या टाकल्या. गाडी रात्रभर तिथेच, गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावलेली. हँडब्रेक ओढू दिला नाही. ओल्या ड्रममध्ये लायनर रात्रीत गोठून चिकटतो आणि सकाळी चाक सुटत नाही, असं त्याने सांगितलं.

रविवारी अकराला ऊन आल्यावर गाडी ओढून काढली. मुख्य पाटा तुटलेला, एक टायर कडेला फाटलेला, मागचा दिवा फुटलेला, हौद्याचा कोपरा आत. ठियोगला दोन दिवस दुरुस्ती. गाडी गुरुवारी रबाळ्याला आली. सोमवारचं काम दुसऱ्याची गाडी भाड्याने घेऊन केलं. दुरुस्ती, ओढणावळ, मुक्काम आणि ते भाडं मिळून जो खर्च आला, त्याच्या पाचव्या हिश्श्यात परवाणूला माल उतरवून स्थानिक गाडीत भरून पाठवता आला असता. तो पर्याय निघण्याआधीच एका वाहतूकदाराने सुचवला होता आणि दर जास्त म्हणून मी नाकारला होता.

आज वेगळं काय करू

डिसेंबर ते मार्च या काळात आमची गाडी परवाणूच्या वर जात नाही. माल तिथे दुसऱ्या गाडीत चढवतो. वरच्या गाड्या चारही चाकांवर चालणाऱ्या असतात आणि चालक तिथलेच. फोर बाय फोरबद्दल एक सांगायला हवं, कारण आमच्याकडे ती गाडी घेऊ या, असा आग्रह झाला होता. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी चढते आणि निघते. थांबायच्या वेळी मात्र तिचं वजन आणि तिचे टायर, एवढंच कामाला येतं. मामांच्या वळणावर फोर बाय फोरने थोडा फरक पडला असता, कारण इंजिनची ओढ चार चाकांत वाटली गेली असती. पण पाल्यावर 20 चा वेग तिलाही जास्तच होता.

जावंच लागलं तर परतीचं वजन जातानाच ठरवतो. परतीचा माल नसेल तर कोरड्या वाळूची पोती इथूनच नेतो. पोती ॲक्सलच्या वर किंवा जरा पुढे, आडवी फळी लावून, दोराने आवळून. मागच्या फाळक्याला टेकवून ठेवली तर पुढची चाकं हलकी होतात आणि वळताना गाडी सरळच जाते. सुटी ठेवली तर धडक बसताच केबिनवर येतात. साखळी दोन्ही मागच्या चाकांना आणि ती रबाळ्याच्या यार्डात प्रत्येक चालकाने एकदा स्वतः चढवलेली, जाड रबरी हातमोजे घालून. आधी गाडीच्या टायरवरचा आकडा पाकिटावरच्या आकड्याशी ताडून. साखळी लावल्यावर वेग ताशी 30 च्या आत, आणि कोरडं डांबर लागलं की ती काढायची.

उतारावर गिअर वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, उन्हाच्या तुकड्यात कमी करायचा आणि क्लच अंगठ्याने दार लोटावं तसा हळू सोडायचा. वळणात काही बदलायचं नाही. दहाच्या आधी निघायचं नाही, तीनच्या पुढे चालायचं नाही. फोनवर कोणी स्थानिक शब्द सांगितला तर म्हणजे काय, हे लगेच विचारायचं. पाला हा शब्द आता आमच्या सूचनापत्रकात अर्थासह लिहिलेला आहे.

थांबायचं की निघायचं, हे आता गाडीवरचा माणूस ठरवतो आणि ऑफिसला फक्त कळवतो. हा नियम करणं सोपं होतं. तो पाळला जावा म्हणून वेगळीच गोष्ट बदलावी लागली, आणि ती मला मामांनी दाखवून दिली. सगळं झाल्यावर एका संध्याकाळी वर्कशॉपमध्ये त्यांना विचारलं, "मामा, त्या चढणीवर तुम्हाला स्वतःला काय वाटत होतं?" ते म्हणाले, "परत फिरावं वाटत होतं." "मग बोलला का नाहीत?" त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. आमच्याकडे चालकाला भत्ता फेरीवर मिळतो. गाडी उभी राहिली की तो दिवस त्याच्या खिशातून जातो, जेवण आणि मुक्काम धरून. ते थांबले असते तर दोन दिवसांचे पैसे त्यांचे गेले असते, आणि वर उशिराचा ठपका.

आता हवामानामुळे उभ्या राहिलेल्या दिवसाचा पूर्ण भत्ता आणि मुक्कामाचा खर्च कंपनी देते, चालकाचा एक फोन पुरतो, कारण विचारलं जात नाही. नव्या करारांत बर्फ आणि बंद रस्ता यांना दंडातून वगळलं आहे. जुन्या दोन ग्राहकांनी ते कलम अजून मान्य केलेलं नाही. त्यांच्याशी बोलणं चालू आहे, आणि तोवर त्यांचा माल हिवाळ्यात आम्ही परवाणूपर्यंतच पोचवतो.